नग्नतेवर सरसकट बंदी नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

समुद्रकिनारे, उद्याने, नदीकाठ, वनजमिनी अशा सार्वजनिक मालकीच्या जागेत अंगावर कपडे नसणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवावा, अशी मागणी अमेरिकेतल्या राज्यांमध्ये अधूनमधून डोके वर काढते. त्या बातम्या इथेही वाचल्या जातात आणि ‘आपल्याकडे असा कायदा हवाच’ असे म्हणणारे भेटतात. या मागणीमागची काळजी आम्हाला कळते. मुलाबाळांना, एकट्यादुकट्या फिरायला आलेल्या बायकांना त्रास होऊ नये, हे कोणाला नको आहे? पण सरसकट बंदीने ती काळजी मिटत नाही. ज्यांचा काही दोष नाही अशी माणसे तिच्यात अडकतात आणि खरा त्रास देणारा मोकळाच राहतो. म्हणून आमचा या बंदीला विरोध आहे.

मुळात आज कायदा नाही, हा समज चुकीचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९६ (आधीच्या दंडसंहितेतले २९४) सार्वजनिक ठिकाणी इतरांना उपद्रव होईल अशा रीतीने अश्लील कृत्य करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. १९५१च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ११० रस्त्यात किंवा रस्त्यावरून दिसेल अशा जागी जाणूनबुजून आणि असभ्यपणे अंग उघडे टाकायला मनाई करते. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने केलेली कृती संहितेच्या कलम ७९ खाली येते. तिला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मुलासमोर लैंगिक हेतूने शरीराचा भाग उघडा करणारा ‘पॉक्सो’च्या कलम ११ मध्ये सापडतो, त्यालाही तीन वर्षे. म्हणजे लोकलच्या फलाटावर, बागेच्या कोपऱ्यात, शाळेच्या भिंतीलगत बायका-मुलींना जो विकृत प्रकार सोसावा लागतो, त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. तक्रार नोंदवून घेणारा हवालदार आणि ती तडीस नेणारा तपास हवा.

आता या चारही कलमांतले शब्द पुन्हा पाहावेत. उपद्रव, जाणूनबुजून, असभ्यपणे, अपमानाच्या हेतूने, लैंगिक हेतूने. प्रत्येक ठिकाणी नुसत्या शरीरापलीकडचे काहीतरी सिद्ध करावे लागते. सरसकट बंदी नेमके हेच शब्द गाळते. मग पोलिसाला एकच पाहायचे उरते: कपडा होता की नव्हता. सोय म्हणून हे बरे वाटते, पण गुन्हा आणि निव्वळ उघडे अंग यांतला फरक त्या एका काटछाटीत पुसला जातो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा फरक जपला आहे. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांच्या विवस्त्र छायाचित्राच्या प्रकरणात २०१४ साली न्यायालयाने जुनी हिकलिन कसोटी (सहज बिघडू शकणाऱ्या मनावर काय परिणाम होईल यावरून अश्लीलता ठरवणारी ब्रिटिशकालीन कसोटी) बाजूला ठेवली, समकालीन समाजाची मोजमापे लावली आणि नग्न चित्र केवळ नग्न आहे म्हणून अश्लील ठरत नाही, असा निर्णय दिला. तो निकाल छायाचित्राचा होता हे खरे. पण माणसाच्या प्रत्यक्ष देहाला चित्रापेक्षा कडक माप का लावावे, याचे उत्तर बंदीवाल्यांनी द्यायला हवे.

मुंबईत अशा कायद्याचा पहिला घाव कोणावर बसेल? सूर्यस्नान करणाऱ्यांवर नाही. ते इथे जवळपास नाहीतच. फुटपाथवर राहणारी माणसे सार्वजनिक नळावर, टँकरच्या गळक्या व्हॉल्व्हखाली, पाइपलाइनच्या कडेला आंघोळ करतात. पुरुष पंचा लावतात, बाया अंगावरच्या साडीसकट पाणी घेतात आणि ओली साडी बदलताना दोघी-तिघी मिळून आडोसा धरतात. तो आडोसा क्षणभर सुटतोच. कोळीवाड्यांतली पोरे भरतीच्या पाण्यात उघडीच उड्या मारतात, आणि सुरका (कोळ्यांचे कमरेचे लहान वस्त्र) नेसून जाळे ओढणारी पिढी अजून पूर्ण सरलेली नाही. ज्याला न्हाणीघर आहे त्याला हा कायदा कधी भेटणार नाही; ज्याला नाही त्याला तो रोज सकाळी भेटेल. दंडाची पावती, आणि ती टाळण्यासाठी द्यावे लागणारे पैसे, हे कोणाच्या खिशातून जाणार हे वेगळे सांगायला नको.

दुसरी अडचण दिगंबर मुनींची. चातुर्मासात मुंबईत मुनींचा मुक्काम असतो आणि त्यांचा विहार सार्वजनिक रस्त्यावरून होतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात शैव आखाड्यांचे नागा साधू कुशावर्तावर स्नानाला उतरतात. तो घाटही सार्वजनिकच. राज्यघटनेचे धर्मस्वातंत्र्याचे कलम २५ पाहता त्यांना वगळावे लागेल, आणि वगळलेच पाहिजे. पण अपवाद लिहिला की कायद्याचा पाया डळमळतो. मुनींचे उघडे अंग पाहून बोरिवलीतल्या शाळकरी मुलाला इजा होत नसेल, तर इजा उघड्या अंगाने होत नाही, हे कायदा करणाऱ्यानेच कबूल केले. मग उरते ती वागणूक, आणि वागणुकीसाठी कलमे आहेतच.

व्याख्येकडे वळू, कारण असे कायदे खरे फसतात ते तिथेच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉड राष्ट्रीय सागरतटावर १९७५ पासून केंद्र सरकारचा बंदीनियम आहे. ‘नग्नता’ म्हणजे काय हे सांगण्यासाठी त्या नियमाला जननेंद्रिये, जांघेचा भाग, गुदभाग आणि स्त्रीच्या स्तनाचा स्तनाग्राभोवतालच्या वर्तुळापासून खालचा भाग अशी मोजदाद करावी लागली. वर हे सारे ‘पूर्ण अपारदर्शक’ आवरणाने झाकलेले हवे, अशी अट. दहा वर्षांखालील मुलांना सूट द्यावी लागली. अशी व्याख्या केली की अंगावर पाजणारी आई तिच्यात येते. अमेरिकेला १९९९ मध्ये केंद्र सरकारच्या मालकीच्या जागेत स्त्रीला स्तनपान करू देण्यासाठी वेगळी तरतूद करावी लागली. फ्लोरिडाच्या कायद्यानेही स्तनपान वगळले आहे. आपल्याकडे ही व्याख्या लावायची तर पावसात भिजलेल्या पांढऱ्या सदऱ्याचे काय, पंचाचे काय, तालमीतल्या लंगोटाचे काय, असे प्रश्न येतील आणि त्यांची उत्तरे रस्त्यावरचा शिपाई जागच्या जागी देणार. अस्पष्ट व्याख्येची किंमत मुंबईने मोजली आहे. चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर १९५४ मध्ये जहांगीर कलादालनातल्या चित्रांवरून खटला झाला, ते सुटले. बुटांच्या एका जाहिरातीतल्या विवस्त्र छायाचित्रावरून १९९५ मध्ये सुरू झालेले प्रकरण २००९ मध्ये निर्दोष सुटकेने संपले. चौदा वर्षे गेली.

केप कॉडची गोष्ट इथेच सोडणे बरोबर नाही, कारण बंदीचे समर्थक तिचा दाखला देऊ शकतात. १९७६ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तो नियम कायम ठेवला, हे खरे आहे. पण का ठेवला? ट्रुरो गावाजवळच्या एका किनाऱ्याची ख्याती पसरली, गर्दी लोटली, अरुंद रस्त्यांवर वाट्टेल तशी वाहने उभी राहिली, लोक आडवाटेने खाजगी जमिनींतून घुसले आणि वाळूच्या टेकड्यांवरचे गवत तुडवले गेले. हे गवत वाळू धरून ठेवते. ते मेले की वारा टेकडी उचलून नेतो. नियमाला आधार मिळाला तो या नुकसानीचा. आता गवत मोडते ते पायाखाली, आणि ते पाय उघड्या माणसाचे असोत की कपडे घातलेल्याचे, गवताला फरक पडत नाही. नुकसान गर्दीचे असेल तर उपाय गर्दीवर हवा: वाहनतळाच्या जागा मोजून ठेवणे, टेकडीवरून लाकडी पायवाट नेणे, दोरीचे कुंपण घालणे. या तीन गोष्टी कपड्यांचा प्रश्न न काढताही करता येतात, आणि बंदी घातली तरी कराव्याच लागतात.

जिथे बंदीऐवजी व्यवस्था केली गेली, तिथे ती कशी चालते हे तपशिलाने सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या चर्चेत हा भाग येतच नाही. मायामीचा हॉलोव्हर किनारा हे स्थानिक काउंटीचे (म्हणजे जिल्हा प्रशासनाचे) सार्वजनिक उद्यान आहे. १९९१ पासून त्याचा उत्तरेकडचा पट्टा कपडे ऐच्छिक म्हणून वापरला जातो. बाकीचा किनारा नेहमीसारखा. न्यूजर्सीतला गनिसन किनारा केंद्राच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे. ऑरेगॉनमध्ये रूस्टर रॉक या राज्य उद्यानाचे पूर्वेकडचे टोक यासाठी वेगळे काढले आहे. टेक्सासात ऑस्टिनजवळ हिप्पी हॉलो हे तळ्याकाठचे काउंटी उद्यान आहे. तिथे प्रवेशाला शुल्क आहे आणि अठरा वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत. चार ठिकाणी तीन प्रकारचे मालक: काउंटी, राज्य आणि केंद्र. तरी व्यवस्थेची हाडे सारखीच.

पहिले हाड म्हणजे फलक. ‘या पुढे विवस्त्र स्नान करणारे लोक दिसू शकतात’ एवढेच वाक्य पुरते. तो कुठे लावायचा हे मात्र महत्त्वाचे. पट्ट्याच्या तोंडाशी लावला तर उशीर झालेला असतो. माणूस वाचेपर्यंत समोरचे दिसलेले असते. तो वाहनतळावरून येणाऱ्या पायवाटेच्या सुरुवातीला हवा आणि वाळूवर पट्ट्याच्या दोन्ही टोकांना, नजर पोहोचण्याच्या आधी हवा. मध्ये वळण, झाडी किंवा टेकाड असेल तर उत्तम. नसेल तर मोकळे अंतर ठेवावे लागते. फलक पडला किंवा वाळूत गाडला गेला की तक्रारी वाढतात, म्हणून वादळानंतर पहिली फेरी फलकांची. दुसरे हाड म्हणजे जीवरक्षक: हा पट्टा त्यांच्या नजरेच्या आत असावा, बाहेर नव्हे. आणि तिसरे, वापरणाऱ्यांचे आपले नियम, जे कायद्याहून कडक असतात. बाकावर किंवा खुर्चीवर बसताना आपला टॉवेल अंथरायचा. कॅमेरा काढायचा नाही, फोन पिशवीत. अनोळखी माणसाच्या टॉवेलशेजारी जाऊन बसायचे नाही. एकटक पाहायचे नाही. लैंगिक चाळा दिसला की लगेच सुरक्षारक्षकाला सांगायचे. अशा जागी नेहमी येणारी कुटुंबे या शेवटच्या नियमाबाबत जितकी दक्ष असतात, तितके कोणतेही गस्तीपथक असू शकत नाही, कारण एका माणसाच्या गैरवागणुकीने सगळ्यांची जागा जाते हे त्यांना ठाऊक असते.

फलक न लावलेल्या जागांसाठी कॅलिफोर्नियाची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. तिथे राज्य उद्यानांत नग्नतेला नियमाने मनाई आहे. पण १९७९ मध्ये उद्यान विभागाचे संचालक रसेल केहिल यांनी आदेश काढला, की कारवाई फक्त एखाद्या नागरिकाने तक्रार केली तरच करायची. तीही आधी कपडे घालायला सांगून. न ऐकणाऱ्यालाच दंडाची नोटीस. कर्मचाऱ्यांचा वेळ अधिक निकडीच्या कामांसाठी मोकळा व्हावा, हा हेतू त्या आदेशातच लिहिला होता. तीस वर्षे हे धोरण चालले. २००९ मध्ये अपील न्यायालयाने विभागाला ते गुंडाळण्याची मुभा दिली, पण धोरण अपयशी ठरले म्हणून नव्हे. विभागाला ते बदलण्याचा अधिकार आहे एवढाच तो मुद्दा होता. इंग्लंडचा २००३ चा लैंगिक गुन्ह्यांचा कायदा आणखी स्पष्ट आहे. त्याच्या कलम ६६ खाली गुन्हा होतो तो कोणीतरी पाहावे आणि घाबरावे किंवा व्यथित व्हावे या हेतूने गुप्तांग दाखवले तरच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. विकृत माणूस या जाळ्यात येतो, पोहणारा येत नाही.

बंदीने प्रत्यक्षात काय होते? माणसे पोहायचे सोडत नाहीत, आणखी आडबाजूला जातात. आडबाजूला जीवरक्षक नसतो, फोनला रेंज नसते, खडकांत ओहोटीचा ओढा कुठे आहे हे सांगणारे कोणी नसते. आक्सा किनाऱ्यावर जीवरक्षक असूनही पायाखालची वाळू सरकून माणसे ओढली जातात. जिथे कोणीच नाही तिथली कल्पना करावी. दुसरा परिणाम आम्हाला जास्त गंभीर वाटतो. अशा जागी एखाद्या स्त्रीचा कोणी पाठलाग केला, चोरून चित्रण केले, तर ती पोलिसांकडे जाणार कशी? तिथे विवस्त्र असणे हाच गुन्हा असेल तर फिर्यादीच आरोपी होते. त्रास देणाऱ्याला हे पक्के माहीत असते आणि तो त्यावरच जगतो. सार्वजनिक नळावर आंघोळ करणाऱ्या बाईचे चित्रण करणाऱ्यालाही हाच फायदा मिळेल. वास्तविक माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई हे बाईच्या बाजूचे आहे. संमतीविना गुप्तांगांचे चित्र टिपणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे आणि जागा सार्वजनिक की खाजगी यावर खाजगीपणाची अपेक्षा ठरत नाही, हे त्याच्या स्पष्टीकरणातच लिहिले आहे. पोलिसांना कामच द्यायचे असेल तर या कलमाचे द्यावे.

हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्या मातीत बसत नाही, असा आक्षेप येईल. आखाडे आणि मुनी यांच्याविषयी वर लिहिलेच आहे. पण मौजेखातर, आरोग्यासाठी विवस्त्र राहणे हेही इथे नवे नाही. जगातल्या अगदी सुरुवातीच्या नग्नतावादी मंडळांपैकी एक १८९१ मध्ये आपल्या ठाण्यात निघाले. संस्थापक चार्ल्स क्रॉफर्ड हे ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायाधीश होते. ते इंग्रज होते, हे मान्य. र. धों. कर्वे तर मराठीच होते. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे त्यांनी मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, नग्नतेची लाज अनाठायी आहे हे उघड लिहिले आणि त्या मासिकापायी खटले सोसले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तो खटला हरला गेला. कर्व्यांचे प्रत्येक म्हणणे पटायला हवे असे नाही, पण हा वाद मराठीत शंभर वर्षे जुना आहे आणि तो आपल्याच माणसांनी मांडला आहे.

गैरसमज नको म्हणून सांगतो: गिरगाव, दादर, जुहूला विवस्त्र स्नानाचा पट्टा करा, असे आम्ही म्हणत नाही. तिथे सुट्टीच्या दिवशी उभे राहायला जागा नसते. फलक आणि अंतर यांची वर सांगितलेली व्यवस्था तिथे शक्यच नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे एकशे चार चौरस किलोमीटरांत तर १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीविना पाऊलही टाकता येत नाही. बिबट्यांच्या त्या जंगलात कपड्यांचा वेगळा कायदा करून काय साधणार? आमची मागणी इतकीच की नग्नता या नावाने नवे कलम आणू नये, आणि कोणी आणलेच तर त्यात हेतूची अट, प्रत्यक्ष तक्रारदाराची अट आणि पहिल्या वेळी केवळ समज देण्याची तरतूद असल्याशिवाय ते पुढे जाऊ नये.

आणि किनाऱ्यावर उघडे अंग दिसू नये अशी कळकळ असेल तर पैसा कपडे बदलायच्या खोल्यांवर खर्च करावा. आज दादर किंवा आक्साला पाण्यातून बाहेर आलेल्या बाईने ओले कपडे बदलायचे कुठे? रिक्षाच्या आडोशाला, नाहीतर चौघींनी धरलेल्या ओढणीमागे. खोली भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेच्या बरीच वर, पक्क्या जमिनीवर हवी. मुंबईत पावसाळ्यातली मोठी भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि खाली बांधलेले काहीही पहिल्याच जूनमध्ये वाळूने भरते. लोखंडी दार खाऱ्या हवेत दोन वर्षांत गंजून बिजागरीतून सुटते, म्हणून फायबरचे दार आणि स्टेनलेस स्टीलची कडी. दाराखाली अगदी बारीक फट, म्हणजे आत कोणी आहे हे कळते आणि पाणी निघून जाते. फट मोठी असेल तर फोन आत सरकतो. छत हवेच, कारण वरून चित्रण होते. आत दोन खुंट्या, बसायला ओटा, वाळू अडवणारी जाळीची मोरी. ती जाळी रोज साफ झाली नाही तर आठवड्यात तुंबते आणि मग खोलीत पाय ठेवायला कोणी धजत नाही. बाहेर गोड्या पाण्याचा दाबायचा नळ, फिरवायचा नको. तो उघडाच राहतो. बायकांच्या खोल्या पुरुषांच्या दुप्पट, आणि अंधार पडल्यावरही एक स्त्री कर्मचारी हजर. महापालिकेने पुढच्या पावसाळ्याआधी एका तरी किनाऱ्यावर अशा दहा खोल्या उभ्या कराव्यात.

आपले,
कायद्याचे व किनारा-सुरक्षेचे काही अभ्यासक
दादर, मुंबई